एका शब्दाचे नातेगोते

शब्दकोश चाळत बसण्याची मला जुनी खोड आहे. शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले, त्या नोकरीने लावलेली ही सवय. निवृत्तीनंतर ती सुटण्याऐवजी वाढलीच. एक शब्द पाहायला म्हणून कोश उघडावा, शेजारच्या चार शब्दांत गुंतून पडावे आणि हातातले काम तसेच राहावे, असे नेहमी होते. माझ्याकडच्या जुन्या इंग्रजी कोशात एका पानावर तीन शब्द जवळजवळ एकाखाली एक आले आहेत : गॉस्पेल, गॉसमर आणि गॉसिप. गॉस्पेल म्हणजे आपले शुभवर्तमान. गॉसमर म्हणजे शरदातल्या सकाळी गवतावरून, कुंपणावरून तरंगताना दिसणारे कोळ्याच्या जाळ्याचे तलम धागे. आणि गॉसिप म्हणजे काय, ते सांगायला कोणालाही कोश लागत नाही. विरार लोकलच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात, रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जे चालते ते. शुभवर्तमान आणि गॉसिप यांच्यामध्ये कोळ्याच्या एका धाग्याएवढेच अंतर! अर्थात कोशकाराने हा विनोद मुद्दाम केलेला नाही. तो केवळ वर्णक्रमाचा खेळ आहे.

परंतु खेळ तेथेच संपत नाही. या दोन्ही शब्दांची घडणही एकाच रीतीने झाली आहे. जुन्या इंग्रजीत 'गोड' म्हणजे चांगला (आपल्या 'गोड'शी त्याचे काही नाते नाही, तरी ऐकून बरे वाटते) आणि 'स्पेल' म्हणजे गोष्ट, वार्ता. 'गोडस्पेल' म्हणजे चांगली वार्ता, अर्थात सुवार्ता. बोलता बोलता मधला 'ड' झिजला आणि 'गॉस्पेल' उरले. गॉसिपमधूनही असाच एक 'ड' नाहीसा झाला आहे. मूळ शब्द 'गॉडसिब'. यातला 'गॉड' म्हणजे खुद्द परमेश्वर, आणि 'सिब' म्हणजे नातलग. सख्ख्या भावंडांना इंग्रजीत 'सिब्लिंग' म्हणतात, त्यातला 'सिब' तो हाच. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ शोधत मागे जातात तेव्हा ते 'आपला, स्वतःचा' या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपाशी पोचतात. आपल्या संस्कृतातला 'स्व' त्याच घराण्यातला मानला जातो. तेव्हा 'गॉडसिब' म्हणजे देवाच्या नात्याने झालेला स्वकीय. साध्या शब्दांत सांगायचे तर बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातावर घेऊन उभे राहणारे धर्मपिता आणि धर्ममाता.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कोश मिटून ठेवला होता. त्याचे कारण पुढे येईलच.

बाप्तिस्म्याने बाळाला धर्मपिता मिळतो, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण त्या एका संस्काराने आणखीही एक नाते जुळते. बाळाचे आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता हेही एकमेकांचे कोणीतरी होतात. मराठीत नवरामुलीच्या आईवडिलांना एकमेकांसाठी व्याही, विहीण असे शब्द आहेत; तसा शब्द या नात्याला आपण घडवलेला नाही. युरोपातल्या भाषांनी तो घडवला. इंग्रजीतला 'गॉडसिब' मुख्यतः याच नात्याला लावला जाई. त्याची सर्वांत जुनी नोंद कोशकार देतात ती १०१४ सालची आहे. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड हवालदिल झालेले असताना यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी आपल्या लोकांना खडसावणारे एक प्रवचन लिहिले. तुमच्याच पापांनी हे संकट ओढवले, असे सांगताना त्यांनी पापांची लांबलचक यादी दिली, आणि तिच्यात देशभर कितीतरी धर्मपालकांचा आणि धर्मबालकांचा घात झाल्याची खंत आहे. रक्ताच्या नातलगाचा घात करणे आणि गॉडसिबचा घात करणे त्या काळी एकाच तोलाचे मानले जात होते.

ख्रिस्तसभेनेही हे नाते नुसते शोभेचे मानले नाही. मध्ययुगात या आध्यात्मिक नात्यातल्या माणसांना परस्परांशी विवाह करता येत नसे. हे जाळे इतके पसरले की लहान गावांत लग्नाला मोकळे स्थळ मिळणे अवघड होई. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली हा निर्बंध आवळून लहान केला. १९१७ च्या धर्मसंहितेत तो बाप्तिस्मा घेणारा एका बाजूला आणि त्याला बाप्तिस्मा देणारा व त्याचे धर्मपालक दुसऱ्या बाजूला, एवढ्यांपुरता उरला. आणि १९८३ च्या संहितेतून तो गेला. पौर्वात्य विधीच्या कॅथोलिक ख्रिस्तसभांसाठी १९९० साली आलेल्या संहितेत मात्र तो अजूनही आहे. कायद्याने नात्याला किती वजन दिले होते, हे दाखवण्यापुरतेच हे सांगितले.

मग देवाच्या नात्याचा हा शब्द चहाडीपर्यंत घसरला कसा?

एका उडीत घसरला नाही, पायरीपायरीने उतरला. गॉडसिब हा घरचा माणूस. त्याला आतल्या खोलीपर्यंत वाट मोकळी. म्हणून चौदाव्या शतकापर्यंत हा शब्द कोणत्याही जिवलग मित्राला, विशेषतः मैत्रिणीला लावला जाऊ लागला. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथ गावची पाच लग्ने केलेली एक फटकळ बाई आहे. तिची ॲलिसन नावाची एक 'गॉसिब' असते. आपल्या मनातले गुपित आपल्या धर्मग्रामाच्या पाद्रीबाबांपेक्षा हिला जास्त ठाऊक होते, असे ती बाई बिनदिक्कत सांगून टाकते. वर्गात हा भाग शिकवण्याचा योग मला कधी आला नाही, आला असता तर मुलांना हसवून पुढे गेलो असतो. आज मात्र त्या तुलनेशी मी थांबतो. पाद्रीबाबांपेक्षा जास्त! पाद्रीबाबांच्या ओठांवर मोहोर असते. ॲलिसनच्या नव्हती. आणि ती बाई आपल्या नवऱ्याची गुपिते तिला जाऊन सांगे, हेही चॉसरने नोंदवून ठेवले आहे.

पुढची पायरी बाळंतिणीच्या खोलीची. त्या काळी इंग्लंडात बाळंतपणाला शेजारणी-मैत्रिणी जमत. पुरुषांना आत मज्जाव. खिडक्या झाकलेल्या, शेकोटी पेटलेली, बाळंतिणीला आणि जमलेल्या सगळ्यांना गरम मसालेदार पेय. या बायकांना 'गॉसिप्स' म्हणत. त्यांच्यातूनच पुढे धर्ममाता निवडली जाई. अशा खोलीत तासन् तास काय चालत असेल, ते सांगायला नको. शेक कसा द्यावा, दूध उतरत नसेल तर काय करावे, कोणाचा नवरा कसा आहे, कोणाच्या घरात काय शिजते. औषध आणि चर्चा यांची तिथे फारकत नव्हतीच. बाहेर ओट्यावर बसलेल्या पुरुषांना आतून फक्त हसण्याचे आवाज येत. आपल्याबद्दलच हसताहेत, असा संशय त्यांना आला असेल, आणि तो बहुधा खराही असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'गॉसिप' हा शब्द रिकामटेकडी बडबड करणाऱ्या बाईला उद्देशून वापरलेला सापडतो. शब्दाची बदनामी कोणी केली असावी, हे ओळखणे कठीण नाही. त्याच काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तोंडाळ ठरवलेल्या बायकांच्या डोक्यावर लोखंडी पट्ट्यांचा लगाम चढवून, जिभेवर पत्रा दाबून त्यांना गावातून फिरवीत. तोंडाळ पुरुषांसाठी असा लगाम कोणी घडवल्याचे माझ्या वाचनात नाही.

जुना अर्थ मात्र लगेच मेला नाही. १६१३ सालच्या 'आठवा हेन्री' या शेक्सपिअरच्या नाटकात शेवटी राजकन्या एलिझाबेथचा बाप्तिस्मा होतो आणि राजा तिच्या धर्मपालकांना भर दरबारात आदराने 'गॉसिप्स' म्हणतो. त्याच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये तर फाटाफूट झालेले एक कुटुंब कितीतरी वर्षांनी एकत्र येते. इतकी वर्षे मठात राहून मठमाता झालेली त्या घरची आई, आपली मुले जणू आजच जन्मली असे मानून, सर्वांना गॉसिप्सच्या मेजवानीला, म्हणजे बारशाच्या जेवणाला बोलावते. शेक्सपिअरच्या एवढ्या मेजवान्यांत मला हीच आवडते. पुढे १७५५ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या प्रसिद्ध कोशात या शब्दाचे तीन अर्थ दिले : पहिला धर्मपालक, दुसरा पिण्याच्या बैठकीतला सोबती, आणि तिसरा बाळंतपणाला जमलेल्या बायकांसारखी चुगल्या करीत फिरणारी व्यक्ती. बाप्तिस्मा, पेला आणि चुगली, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात! माणसाऐवजी नुसत्या बोलण्याला गॉसिप म्हणण्याची रीत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तेव्हापासून माणूस गेला, नाते गेले, बोलणे तेवढे मागे राहिले.

ही केवळ इंग्रजांची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण फ्रेंच भाषेत मुलाच्या आईवडिलांनी धर्ममातेला म्हणायचे 'कोमेर', म्हणजे सह-माता. आणि फ्रेंचमध्ये चहाडखोर बाईलाही कोमेरच म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'कोमाद्रे' या धर्ममातेच्या शब्दापासून 'कोमाद्रेओ' म्हणजे कुचाळकी हा शब्द निघाला. पोर्तुगीज भाषेत 'कोमाद्रे'चे अर्थ धर्ममाता, सुईण आणि चहाडखोर बाई असे सांगितले जातात. १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्यांनी आमच्या वसईवर राज्य केले आणि आम्हाला बाप्तिस्म्याबरोबर आडनावेही दिली, त्यांचीही हीच तऱ्हा. सह-पित्याचे काय झाले म्हणाल, तर फ्रेंच 'कोंपेर' इंग्रजीत आला आणि रंगमंचावर माईक हाती घेऊन कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणारा झाला. आपल्याकडे स्नेहसंमेलनात 'कॉम्पेअरिंग कोण करणार?' असे विचारतात, तेव्हा धर्मपित्याची ती आठवण असते, हे कोणाच्या गावीही नसते. बोलण्याचेच काम दोघांच्या वाट्याला आले. त्याला टाळ्या मिळाल्या, तिला शिव्या.

मी ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे ती तर एका धर्मपित्याच्याच तोंडून घडली.

१९८९ साली माझ्या एका मित्राला मुलगी झाली. आम्ही दोघे एकाच शाळेच्या बाकावर वाढलेले. तो पुढे वाडीत रमला, मी मास्तर झालो. मुलीचा धर्मपिता मीच व्हायचे, हे तिच्या जन्माआधीच ठरलेले होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती माझ्या हातावर होती. कपाळावर पाणी पडल्यावर ती रडली नाही. नुसती माझ्या चष्म्याकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांतले कुंपण नावालाच उरले. नाताळला तिचे कपडे मी घ्यायचे, आणि त्यांच्या वाडीतला केळीचा पहिला घड आमच्या ओटीवर यायचा.

१९९७ च्या सप्टेंबरात मित्राची पत्नी अचानक आजारी पडली. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागणार होती. मित्र तेव्हा गावातल्या एका मंडळाचा खजिनदार होता. मंडळाचे नाव सांगण्याची गरज नाही. एका रात्री उशिरा तो माझ्याकडे आला, पायरीवर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मंडळाचे अठरा हजार मी उचललेत. केळीचे पैसे हातात आले की भरतो. तुला सांगून ठेवतो, म्हणजे एकाला तरी ठाऊक असावं." मी माझ्याजवळचे थोडे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. दीड महिन्यात त्याने पै न् पै मंडळात भरली. पत्नी बरी झाली. हिशेबाच्या वहीत कोठेही खोट राहिली नाही. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि ती तशीच विरून जायला हवी होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस चर्चच्या आवारात मी एका परिचिताशी बोलत उभा होतो. गावातल्या मंडळांचे हिशेब काटेकोर ठेवले पाहिजेत, असा काहीसा विषय होता. मी म्हणालो, "माणूस प्रामाणिक असला तरी अडचण कोणावर येत नाही? आपल्या खजिनदाराचंच बघ." आणि मी सांगितले. अगदी त्याची बाजू घेऊन सांगितले. पैसे परत भरले हेही सांगितले. माझ्या मनात त्याच्याबद्दल कौतुकच होते, अशी मी पुढे कित्येक वर्षे स्वतःची समजूत घातली. खरे सांगायचे तर दुसऱ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, हे दाखवण्याची त्या क्षणी मला गोडी वाटली. एवढेच.

डिसेंबरात मंडळाची वार्षिक सभा झाली. तोवर अठराचे ऐंशी झाले होते. शस्त्रक्रिया गळून पडली होती आणि तिच्या जागी घराचा स्लॅब आला होता. परत भरलेल्या पैशांचा तर कोणी उच्चारही केला नाही. मित्र उठला, वह्या टेबलावर ठेवल्या, राजीनामा ठेवला. दाराकडे जाताना त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. त्याने मला कधी काही विचारले नाही. विचारण्याची गरजच नव्हती. सांगणारा एकच असू शकत होता. त्या नाताळला मी घेतलेला फ्रॉक आमच्या कपाटातच राहिला.

मराठीला या विषयाची श्रीमंती काही कमी नाही. चहाडी वेगळी आणि चुगली वेगळी. लावालावी, कुचाळकी, निंदानालस्ती, उखाळ्यापाखाळ्या; कान भरणे, कंड्या पिकवणे, वावड्या उठवणे, तिखटमीठ लावणे. प्रत्येकाची जात निराळी आणि प्रत्येकाचा डंख निराळा. हल्लीची मुले 'आम्ही जरा गॉसिप करत होतो' असे हसत सांगतात. परक्या भाषेतला शब्द घेतला की डंख जाणवत नाही; 'चहाडी करत होतो' असे कोणी हसत सांगणार नाही. मी केले त्याला यातले नेमके काय म्हणावे, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. कंडी म्हणावी, तर मी खोटे काहीच बोललो नव्हतो. हीच माझी ढाल होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ हाती आला तेव्हा ती ढालही गेली. खोटे बोलून दुसऱ्याचे नाव खराब करणे हे एक पाप. आणि दुसऱ्याचा खरा दोष, सबळ कारण नसताना, ज्याला तो ठाऊक नाही त्याला सांगणे हे दुसरे, असा स्पष्ट भेद २४७७ व्या परिच्छेदात केला आहे. खरेपणाने मला सोडवले नव्हते. उलट, खोटी गोष्ट निदान खोडून काढता येते. खरी गोष्ट कशी खोडणार?

तेव्हापासून तो मोहोरेचा विचार डोक्यातून जात नाही. मित्राने हेच पापनिवेदनात सांगितले असते, तर ते कायमचे गाडले गेले असते. ती मोहोर प्रत्यक्ष मोडणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा होते. गॉडसिबला मोहोर नाही आणि शिक्षाही नाही. त्याच्यापाशी माणूस जातो तो कायद्याच्या भरवशावर नव्हे, नात्याच्या भरवशावर. शब्द का घसरला, हे मला कोशापेक्षा येथे अधिक कळले. परक्याला आपले काही ठाऊकच नसते, तो काय चहाडी करणार? चहाडी करायला आधी आतल्या खोलीत प्रवेश मिळालेला असावा लागतो.

या विषयावर चर्चमध्ये प्रवचन झाले की हमखास संत फिलिप नेरीची ती कोंबडीच्या पिसांची गोष्ट येते. याकोबच्या पत्रातली जीभ आणि वणव्याची ठिणगी येते. पोप फ्रान्सिस तर आपल्या कारकिर्दीत या दुर्गुणाच्या मागे हात धुऊन लागले होते. २०२० च्या सप्टेंबरात, जग साथीने ग्रासलेले असताना, ही चहाडी कोविडपेक्षाही वाईट साथ आहे, असे त्यांनी म्हटले. हे सर्व मान्य करूनही गावगप्पांना सरसकट फाशी द्यायला माझे मन धजत नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारी होती. कोणाच्या घरी काय चालले आहे, याची खडान्‌खडा बातमी तिच्यापाशी असे. तिला सगळे नावे ठेवीत. पण कोणाच्या चुलीतून सकाळी धूर निघाला नाही, हेही प्रथम तिलाच कळे, आणि दुपारच्या आत त्या घरी तांदळाचे गाठोडे पोचलेले असे. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९६ साली एक पुस्तकच लिहून असे मांडले की, वानरे एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचून जे साधतात, तेच माणसे एकमेकांच्या गोष्टी बोलून साधतात; त्यातूनच कळप टिकतो. आमच्या म्हातारीने ते पुस्तक वाचले असते तर तिला त्यात नवे काही वाटले नसते.

२०१३ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी माझी धर्मकन्या माझ्या दारात उभी राहिली. मध्ये सोळा वर्षे गेली होती. रस्त्यात, चर्चमध्ये ती दिसे. मान हलवून पुढे जाई. आज तिच्या हातात स्वतःच्या लग्नाची पत्रिका होती. पाणी घेतले, इकडचे तिकडचे बोलली, आणि मग तिने सरळ विचारले, "काका, तुम्ही माझे धर्मपिता. पण आमच्या घरी तुमचं नाव कोणी घेत नाही. काय झालं होतं?"

म्हणजे बापाने तिला सांगितले नव्हते. सोळा वर्षांत एकदाही नाही. ज्याच्याबद्दल गावाने इतके बोलून घेतले, त्याने माझ्याबद्दल आपल्या घरातसुद्धा तोंड उघडले नव्हते. मला सगळे सांगून मोकळे व्हायचे होते; कबुली द्यायला इतके चांगले माणूस पुन्हा भेटणार नव्हते. पण काय घडले ते सांगायचे, तर तिच्या बापाने केव्हातरी मंडळाचे पैसे उचलले होते, हे तिला माझ्याच तोंडून कळणार. तीच गोष्ट, त्याच तोंडाने, दुसऱ्यांदा. माझी कबुली हीच पुन्हा चहाडी ठरत होती. मी म्हणालो, "बाळ, चूक माझी होती. पूर्ण माझी. काय ते मात्र तुझ्या वडिलांच्या परवानगीशिवाय मला सांगता येणार नाही." ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. चष्मा बदलला होता, पाहणे तेच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वाडीत गेलो. तो केळीला पाणी सोडत होता. पाटाच्या अलीकडे मी उभा, पलीकडे तो. सोळा वर्षे मनात घोळवलेले वाक्य होते, ते तोंडाशी आलेच नाही. एवढेच म्हणालो, "माझं चुकलं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "तिकडचा वाफा भरला वाटतं. मोटर बंद करून ये."

मी जाऊन मोटर बंद करून आलो.

त्या गोष्टीवर नंतर आम्ही कधी बोललो नाही. लग्नाला आम्ही उभयता गेलो. आता तो आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ओटीवर येतो. विहिरीचे पाणी कसे मचूळ झाले, कोणी जमीन विकली, कोणाचा मुलगा परदेशातून कायमचा परत आला, कोणाच्या सुनेचे सासूशी पटत नाही, अशा गोष्टी निघतात. त्या सगळ्याच पुण्याच्या असतात असे मी म्हणणार नाही. एखादी गोष्ट फार पुढे गेली की त्याच्या बोलण्यात एक छोटासा थांबा येतो, आणि आम्ही दोघेही केळीच्या भावाकडे वळतो.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. त्याच्या परवानगीवाचून तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, असे मी ठरवलेच होते. त्याने मध्ये एकदाही टोकले नाही. त्याच्या पत्नीच्या आजाराविषयीची दोन वाक्ये तेवढी काढायला लावली. ती मी काढली आहेत. मुलीला हे सारे आता ठाऊक आहे, गेल्याच वर्षी मीच तिला सांगितले, असेही तो म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाला, "एक चुकलंय तुझं. अठरा नव्हते रे. सतराच होते."

वरचा आकडा मी तसाच ठेवला आहे.